वाढं

नववीच्या वर्षी, शहाण्णवच्या दिवाळीत, अनुप आठ दिवस पुण्याला मावशीकडं राहिला आणि परत आला तो जीभ बदलूनच. बारामतीच्या आमच्या शाळेत मग कुणाचं काही चुकलं की ‘लोचा’ व्हायला लागला. तास बुडवणं म्हणजे ‘कल्टी’, आणि मास्तर शिकवायचे नाहीत, ‘पकवायचे’.

एवढ्यावर भागलं असतं. पण पिंपळी-माळेगावहून सायकलीवर येणाऱ्या पोरांसाठी साहेबांनी खास स्वतःचा शब्द काढला: वाढं. उसाचा हिरवा शेंडा, तोडून जनावरांपुढं टाकतात तो.

“ए वाढं, सरक की!” तो म्हणायचा आणि सगळा वर्ग दात काढायचा. त्यापेक्षा मेंढरं शहाणी.

पिंपळीची साजिया ‘हाय-न्हाय’ बोलायची, म्हणून तिच्या वाट्याला हे जास्त यायचं. ती मान खाली घालून ऐकून घ्यायची.

जानेवारीत पिंकी नावाची नवी मुलगी वर्गात आली. वडील बँकेत, पुण्याहून बदली झालेली. अनुपला कोण आनंद! मधल्या सुट्टीत तिच्यापुढं त्यानं सगळा माल ओतला.

“हे अजून बोलता तुम्ही?” पिंकी म्हणाली. “आमच्याकडे आता पाचवीतली पोरं बोलतात.”

अनुपचे कान लाल झाले. तेवढ्यात साजिया पाण्याची बाटली घेऊन आत आली. “ए वाढं, वाट सोड!” तो खेकसला.

“वाढं म्हणजे?” पिंकीनं विचारलं.

“उसाचा शेंडा. म्हशी खातात.”

“तुला रे काय माहीत, म्हशी काय खातात ते?”

उत्तर साजियानं दिलं, “रोज सांजच्याला आमच्याच फडातनं भारा नेतोय की सायकलीवर. दोन म्हशी हायत त्याच्या घरी.”

वर्ग असा हसला की शेजारच्या वर्गातले डोकावले. अनुप रडकुंडीला आला.

“हसताय काय?” साजिया चिडली. “म्हशी असणं वंगाळ हाय व्हय?”

तिचं कोण ऐकतंय! सोमवारपासून सगळे अनुपलाच ‘वाढं’ म्हणायला लागले; कालपर्यंत त्याच्या मागंमागं फिरणारे सगळ्यात मोठ्यानं. अनुप शेवटच्या बाकावर जाऊन बसला. त्याच्याशी सरळ नावानं बोलणारी वर्गात एकटी साजियाच उरली.