थडग्यावरचा पाव

चर्चशेजारी गावच्या म्हाताऱ्यांसाठी बांधलेल्या दगडी धर्मादाय घरांपैकी कोपऱ्यातलं घर रिकामं झालं, तेव्हाच हेस्टर प्लमलीने ठरवून टाकलं, उरलेले दिवस काढीन तर तिथेच. तिचा मुलगा क्लाइव्ह मात्र हायवेलगतच्या म्हाताऱ्यांच्या नव्या फ्लॅटवर भाळला होता.

"आई, लिफ्ट आहे गं. दोरी ओढली की मदतीला बाई धावत येते."

"मग तूच राहा जा! खिडकीतून मला दिसणार काय, तर ट्रक!"

गावची रीत जुनी. ही घरं बांधणाऱ्याच्या चर्चच्या आवारातल्या थडग्यावर सप्टेंबरातल्या एका रविवारी पाव ठेवतात. ज्याला घर हवं, त्याने पुलापासून चढ चढून तो पाव आपल्या हाताने उचलायचा. काठी चालते, माणसाचा आधार चालत नाही. आधार घेतला, की घर गेलं.

त्या रविवारी अख्खं गाव भिंतीला टेकून उभं. हेस्टर निघाली. कंबर ठणकत होती, पण मान ताठ. क्लाइव्ह पावलागणिक हात पुढे करत होता.

"हात खिशात घाल मेल्या! तुझी माया मला हायवेवर नेऊन टाकील."

चर्चच्या फाटकातून आत शिरताच ओल्या गवतावर काठी सटकली. हेस्टर डाव्या बाजूला कलंडली. क्लाइव्ह धावला, पण त्याच्या आधी तिच्या हाताला दगड लागला. तिच्या नवऱ्याच्या, आर्थरच्या थडग्याचा. तिने त्याला गच्च मिठी मारली.

"आधार घेतला!" घरांचे विश्वस्त गार्लंड ओरडले. "प्लमलीबाई, नियम आहे!"

हेस्टरने श्वास घेतला, टोपी सरळ केली.

"गार्लंडसाहेब, नियम माणसाच्या आधाराचा आहे. हा माणूस होता तेव्हा याने मला कधी आधार दिला नाही. आता दगड झालाय, तर देतोय. मध्ये पडू नका."

भिंतीपाशी हशा उसळला. पाद्रीबाईंनी तोंडाला रुमाल लावला. गार्लंड दगडाकडे बघत राहिले, मग त्यांनाही हसू आवरेना.

"जा बाई, घ्या पाव!"

हेस्टरने काठी उचलली, उरलेला चढ चढली आणि पाव डोक्यावर धरून गावाकडे वळली. टाळ्यांनी कावळे उडाले. तिने पावाचा कडक कोपरा मोडून क्लाइव्हच्या तोंडात कोंबला.

"खा. रविवारी बायकोला घेऊन जेवायला ये. आणि बेल वाजवून ये हो, घर माझं आहे."