ओडीचं वाक्य

"काढून टाकलं! अहो, वाक्यच काढून टाकलं या लोकांनी!"

थिएटरातले दिवे पुरते लागायच्या आतच बोगोमिल उठून उभा राहिला. मागून कुणीतरी म्हणाले, "बसा की खाली, अजून नावं चाललीत," पण त्याचे तिकडे लक्ष नव्हते. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस. बल्गेरियातल्या रूसे शहरातल्या निम्म्या लिफ्ट त्याच्या हातून दुरुस्त झालेल्या. अंगात निळे जाकीट, छातीवर 'वेस्पर' जहाजाचे शिवलेले चिन्ह. तो शेजारच्या खुर्चीकडे वळला.

"मावशी, ऐकलंत ना तुम्ही? तुमचंच वाक्य!"

नेवेना पेत्कोवा मांडीवरची पर्स दोन्ही हातांनी धरून बसली होती.

"ऐकलं," ती म्हणाली.

तिला अगदी स्वच्छ ऐकू आले होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

'सातवा किनारा' ही अंतराळातल्या 'वेस्पर' नावाच्या जहाजाची गोष्ट अमेरिकेत कधीची चालू होती. आधी टीव्हीवर, मग सिनेमे, मग पुन्हा टीव्ही. आता तेच कॅप्टन हेल आणि तोच इंजिनिअर ओडी नव्या, तरुण नटांना घेऊन पहिल्यापासून काढायला सुरुवात झाली होती. आजचा नवा तिसरा भाग म्हणजे जुना पाचवा. त्यात ओडी मरतो. जहाजावर तीनशे माणसे असतात, आणि ती वाचवायची तर कुणीतरी मागच्या तळावर थांबून हाताने झडप धरून ठेवायला हवी असते. ओडी थांबतो. कॅप्टन रेडिओवरून त्याला हाका मारतो, आणि ओडी म्हणतो, "तुम्ही जेवून घ्या. मी मागून येतो."

बल्गेरियात हे वाक्य ठाऊक नसलेला चाहता सापडणार नाही. लोकांनी ते सदऱ्यांवर छापून घेतले, लग्नाच्या भाषणात म्हटले, निवृत्त होणाऱ्या माणसाच्या केकवर लिहिले. आणि ते ऐकले होते ते नेवेनाच्या आवाजात.

नेवेना नदीच्या बंदरावर टेलेक्सच्या खोलीत कारकून होती. इंग्रजी तिथेच शिकली, जहाजांच्या तारा वाचता वाचता. एकोणनव्वद साली सांस्कृतिक भवनाच्या तळघरात व्हिडिओ हॉल निघाला. खलाशी बाहेरून कॅसेटी आणायचे, पण भाषा कुणाला येत नव्हती. मग शनिवारी दुपारी नेवेना मागच्या बाकावर माइक धरून बसायची आणि बाप्ये, बाया, रोबो, सगळ्यांचे बोलणे एकाच सपाट आवाजात बल्गेरियनमधून सांगत जायची. कुणीतरी तो आवाज कॅसेटवर चढवला, आणि तिच्या प्रती सोफियापासून वार्नापर्यंत गेल्या. चेहरा कुणाला माहीत नव्हता. आवाज सगळ्यांना.

आता ती त्र्याहत्तर वर्षांची होती. तिसऱ्या मजल्यावर एकटी राहायची. वर्षातून दोनदा बोगोमिलच्या 'सातवा किनारा' क्लबचा फोन यायचा, "मावशी, येताय ना?" तेवढ्यासाठी ती केस रंगवून घ्यायची.

थिएटरसमोरच्या कॅफेत चौघे बसले. हरालाम्पी मास्तर निवृत्त, विषय भौतिकशास्त्र. रालित्सा औषधांच्या दुकानात कामाला, वयाने सगळ्यांत लहान. बोगोमिलने सगळ्यांसाठी कॉफी आणि चीज भरलेली गरम बानित्सा मागवली आणि स्वतः मात्र घासही घेतला नाही.

"जहाजाची दारं वर उघडतात," मास्तर म्हणाले. "जुन्यात बाजूला सरकायची. इथूनच मी समजलो, यांनी मूळ बघितलेलंच नाही."

"मास्तर, जुन्यात ते जहाज दोरीला लटकलेलं दिसायचं," रालित्सा म्हणाली. "दोरी पण ठेवायची का मग?"

"दोरी दिसत नव्हती."

"दिसत होती. तुमचा चष्मा तेव्हाही हाच होता."

मास्तर हसले. बोगोमिल हसला नाही. त्याने जाकिटाच्या आतल्या खिशातून एक टाइप केलेला कागद काढला आणि बशा बाजूला सारून टेबलावर पसरला.

"दारं, दोऱ्या गेल्या खड्ड्यात. कॅप्टन पोरगेलासा केला, चालवून घेतलं. ओडीला दाढी नाही, तेही चालवून घेतलं. पण माणूस मरताना काय बोलतो तेच बदलायचं? मग ओडी उरला कुठं? हे पत्र मी सोफियाला वितरकाकडे पाठवतोय. बाराशे जणांच्या सह्या झाल्यात. निदान आपल्याकडच्या प्रतीत तरी ओडीच्या तोंडी खरं वाक्य घाला म्हणून."

रालित्साने कप खाली ठेवला. "बोगोमिलकाका, रागावू नका. माझ्याकडे जुन्या सिनेमाची इंग्रजी डिस्क आहे. त्यातही नाहीये ते."

"डिस्क कापलेली आहे. शंभरदा सांगितलंय तुला. त्यांनी नंतर छाटलं. आपल्याकडे खलाशांनी आणलेली पहिली, लांब प्रत होती."

"पण असं कुठं लिहिलंय?"

"लिहायला कशाला पाहिजे? ऐकून सांगणारी बाई समोर बसलीय!" त्याने पेन नेवेनापुढे ठेवले. "मावशी, सगळ्यांत वर तुमची सही. आणि खाली एकच ओळ लिहा. हे वाक्य मी मूळ कॅसेटवर ऐकलं आणि जसंच्या तसं सांगितलं. तुमच्यापुढे कोण काय बोलणार?"

नेवेनाने पत्र वाचले. नीट लिहिले होते. तिचे नाव पहिल्याच परिच्छेदात होते, आणि पुढे 'आमच्या पिढीचा आवाज' असे. तिच्याबद्दल एवढे चांगले कुणी कधी कागदावर लिहिले नव्हते. पेनही हाताशी होते. सही करायला दोन क्षण पुरले असते, आणि मग शरद ऋतूत पुन्हा फोन आला असता.

तिने पेन उचलले आणि पत्रावर आडवे ठेवले.

"कॅसेटमध्ये ते वाक्य नव्हतं," ती म्हणाली.

"कोणतं नव्हतं?"

"हेच. तिथं नुसती खरखर होती. कॉपीची कॉपी, तिचीही कॉपी. ओडीचे ओठ हलत होते, ऐकू काहीच येत नव्हतं. हॉलमध्ये साठ-सत्तर माणसं बसलेली. गप्प कशी राहणार? मनचं घातलं."

मास्तरांनी चष्मा काढला आणि पुन्हा लावला. रालित्साला आपले खरे ठरल्याचा आनंद व्हायला हवा होता, पण तिने मान खाली घातली.

"मनचं म्हणजे, सुचलं तसं?" तिने हळूच विचारले.

"सुचलं नाही. माझ्या नवऱ्याचं आहे. वेलिको मालबोटीवर मेकॅनिक होता. शहाऐंशीच्या नोव्हेंबरात ऑस्ट्रियातल्या लिंझहून त्याचा फोन आला बंदराच्या ऑफिसात. म्हणाला, बोटीला उशीर होतोय, तू जेवून घे, मी मागून येतो."

"आणि?"

"बोट आली."

कॅफेतल्या यंत्राने वाफ सोडली. वेलिको देश सोडून पळाला म्हणून त्या नोव्हेंबरानंतर सात महिने पोलीस नेवेनाला दर मंगळवारी कचेरीत बोलावून तेच तेच विचारत. नवरा काय म्हणाला? शब्द न् शब्द सांगा. तिने ते वाक्य इतक्यांदा इतक्या लोकांपुढे म्हटले होते की त्या दिवशी माइकसमोर खरखर सुरू झाली तेव्हा तोंडात दुसरे काही आलेच नाही. पण हे सगळे तिने सांगितले नाही.

बोगोमिल तिच्याकडे बघत होता.

"माझा बाप माझ्याबरोबर होता त्या हॉलमध्ये," तो म्हणाला. "मी लष्करातून सुटीवर आलो होतो. बाप जहाजकारखान्यात वेल्डर. सिनेमा बघून रडला तो. आयुष्यात मी त्याला तेवढंच रडताना पाहिलं." त्याने कॉफीचा कप बाजूला सारला. "नऊ वर्षांपूर्वी दवाखान्यात होता. मी दोन दिवस हललो नव्हतो तिथून. मला म्हणाला, जा रे, तू जेवून घे, मी मागून येतो. हसत म्हणाला. दोघांनाही कळलं, ओडीचं आहे ते. मी घरी गेलो. ताटावरच होतो तेव्हा फोन आला."

"बोगोमिल," मास्तर म्हणाले.

"थांबा. म्हणजे माझ्या बापानं मरताना काय म्हटलं? बायकोला टाकून पळालेल्या एका माणसाची थाप?"

नेवेनाला रागाचे वाईट वाटले नाही. त्याचा आवाज कापत होता, त्याचे वाटले.

"आज तो नवा पोरगा काय म्हणाला, ऐकलंत का नीट?" ती म्हणाली. "'दाब टिकून आहे. निघा.' एवढंच. मूळचंही तेच असणार. मला ते बरं वाटलं. येतो असं म्हणाला नाही तो. यायचं नव्हतं, तर म्हणाला नाही. ओडी कधी खोटं बोललाच नव्हता. मी त्याला बोलायला लावलं. या लोकांनी काही बदललेलं नाही, बोगोमिल. बदललं मी."

"माझा बाप खोटं बोलला नाही," बोगोमिल म्हणाला.

"नाही. तसं नाही म्हणाले मी."

त्याने पत्राची घडी केली, आणखी एक घडी केली, आणि खिशात ठेवली. मग उठून काउंटरवर गेला आणि बराच वेळ पाठ करून उभा राहिला. रालित्सा म्हणाली, "मावशी, मी गाडीनं सोडते तुम्हाला." नेवेना म्हणाली, "नको गं, ट्रॉलीबस दारात थांबते माझ्या." तिने कोट घातला. निघताना तिने काउंटरकडे पाहिले, पण हाक मारली नाही.

त्या शरद ऋतूत फोन आला नाही. नाताळला रालित्साचे कार्ड आले, त्यात क्लबबद्दल काही नव्हते. वसंतात क्लबची बैठक झाल्याचे नेवेनाला पेपरात दिसले. फोटोत सगळे निळ्या जाकिटांत होते, बोगोमिल कडेला. केस रंगवायचे तिने सोडून दिले. संध्याकाळी ती रेडिओ लावायची आणि बातम्या सांगणारी बाई कुठे श्वास घेते ते ऐकत बसायची.

जूनमध्ये दातांच्या डॉक्टरकडे जाताना ती बोगोमिलच्या इमारतीवरून गेली. दारावर नेहमीसारखे कागद चिकटवलेले होते: मेलेल्यांचे फोटो, नाव, सहा महिने झाले, तीन वर्षे झाली. कुणाच्या ना कुणाच्या दारावर असे कागद असतातच, नेवेना चालता चालता सगळे वाचायची. वेलिकोचा मात्र तिने कधी लावला नव्हता. लावायचा तर कोणत्या तारखेचा?

सगळ्यांत वरचा कागद नवा होता. वेल्डरची टोपी घातलेला एक म्हातारा, हसरा. दहा वर्षे झाली. आडनाव बोगोमिलचे. फोटोखाली ते वाक्य छापले होते, आणि त्याखाली कुणाचे नाव नव्हते. ते मुळात त्या म्हाताऱ्याचेच, असे वाचणाऱ्याला वाटले असते.

नेवेनाने ते दोनदा वाचले. वाऱ्याने कागदाचा खालचा कोपरा सुटला होता, डिंक अजून ओला होता. तिने तो अंगठ्याने दाबून धरला आणि चिकटेपर्यंत तशीच उभी राहिली. आतून कुणीतरी दार उघडायला आले, तेव्हा ती बाजूला झाली आणि तिने त्यांना वाट दिली.