परत न आलेले सहा मिलिमीटर

रायपूरच्या तात्यापारा भागात राहणारी गंधाली देवपुजारी तिथल्याच एका मुलींच्या शाळेत अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवायची. शाळेच्या नव्या इमारतीला पहिल्या मजल्यावर एक लांब गॅलरी काढली होती. खाली एकही खांब नाही, भिंतीतून बाहेर आलेला साडेचार फुटांचा नुसता स्लॅब. पंधरा ऑगस्टला मैदानात झेंडावंदन होईल आणि सव्वाशे मुली त्या गॅलरीत उभ्या राहून गातील, असं संस्थेचे सचिव शरच्चंद्रजी यांनी ठरवून टाकलं होतं.

ऑगस्ट लागला आणि सळया बांधणारा मिस्त्री मारोती स्टाफरूमच्या दारात येऊन उभा राहिला. मूळचा गोंदियाकडचा, आता रायपुरातच, भनपुरी वस्तीत राहणारा. त्याची मुलगी गंधालीच्याच वर्गात होती.

"मॅडम, माह्या पोट्टीले त्या गॅलरीत नका उभी करू," तो म्हणाला. "सळया मी वरच्या अंगाले बांधल्या होत्या. त्यायच्या खाली टेकू मागितले, ठेकेदारानं देल्ले नाही. काँक्रीटचा माल टाकताना लेबर त्याच्यावरूनच चालले. सगळं जाळं खाली दबलं."

तेव्हाच त्यानं ठेकेदाराला सांगितलं होतं. आपलं काम कर, एवढंच उत्तर मिळालं होतं.

गंधालीला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. एका टोकाला भिंतीत धरलेल्या स्लॅबवर माणसं उभी राहिली की त्याचा वरचा भाग ताणला जातो आणि खालचा दाबला जातो. काँक्रीट दाब सोसतं, ताण सोसत नाही. तो सोसायला सळया असतात आणि म्हणून त्या वरच हव्यात. खाली गेलेल्या सळया असून नसल्यासारख्या.

त्याच दुपारी ती सचिवांकडे गेली. एका खोडरबरावर पेनानं उभ्या रेघा मारून तिनं तो त्यांच्यासमोर वाकवला. रेघांची वरची टोकं फाकली, खालची जवळ आली. शरच्चंद्रजींनी कौतुकानं पाहिलं, चहा मागवला आणि हे मुलींना जरूर दाखवा म्हणाले. स्लॅबची चाचणी करून घ्या असा आग्रह तिनं धरला, तेव्हा मात्र त्यांचा सूर बदलला.

"मॅडम, आप फिजिक्स पढाइए. इमारतीचं बघायला इंजिनियर आहे."

"त्यांनी पाहिलंय का?"

"सही आहे त्यांची."

ती जिना उतरली. सव्वाशे मुली, आणि यांच्याकडे दाखवायला एक सही.

रविवारी सकाळी ती आणि मारोती शाळेत आले. मारोतीनं गॅलरीखाली, स्लॅबपासून वीतभर अंतर सोडून, लाकडी बल्ल्या उभ्या केल्या, म्हणजे स्लॅब खचलाच तर त्यांच्यावर टेकावा. गंधालीनं गॅलरीच्या कडेला सुई चिकटवली आणि जमिनीवरच्या वेगळ्या स्टँडला पोलादी मोजपट्टी बांधली. मग वर्गाच्या दारात उभं राहून दोघांनी बांधकामावरची सिमेंटची वीस पोती फळीवरून एका जागी सरकवली. हजार किलो, म्हणजे पंचवीस मुलींचं वजन. सुई नऊ मिलिमीटर खाली गेली.

सुई खाली गेली याची तिला काळजी नव्हती. भार आला की कोणतीही वस्तू थोडी वाकतेच, आणि धड असेल तर भार काढल्यावर परत येते. दुपारी पोती काढली. सोमवारी प्रार्थनेच्या आधी तिनं पट्टी पाहिली. स्लॅब तीन मिलिमीटर वर आला होता, सहा खालीच राहिले होते. वर, भिंतीलगत, केसाएवढी लांबलचक भेग पडली होती.

आकडे आणि भेगेचा फोटो घेऊन ती पुन्हा सचिवांकडे गेली. सहा मिलिमीटर म्हणजे किती, असं त्यांनी विचारलं, आणि बोटांच्या चिमटीत तेवढं अंतर धरून ते हसले. कार्यक्रम होईल, म्हणाले.

गंधालीनं तिथेच, त्यांच्यासमोर उभं राहून, तो फोटो पालकांच्या ग्रुपवर टाकला.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात पन्नास-साठ पालक उभे होते. नाइलाजानं इंजिनियरिंग कॉलेजातले एक प्राध्यापक बोलावले गेले. त्यांनी भिंतीलगत स्लॅब वरून छिन्नीनं फोडायला लावला. दोन बोटं खोल, तीन बोटं, चार. सळी लागली ती स्लॅबच्या तळाशी. प्राध्यापकांनी सगळ्यांना मागे व्हायला सांगितलं आणि गॅलरी त्याच दिवशी बंद झाली.

पंधरा ऑगस्टला मुली मैदानात उभ्या राहून गायल्या. भाषणात शरच्चंद्रजींनी सांगितलं की व्यवस्थापनाच्या दक्षतेमुळे एक त्रुटी वेळीच लक्षात आली आणि ठेकेदारांनी मोठ्या मनानं गॅलरी पुन्हा बांधून द्यायचं कबूल केलं आहे. टाळ्या पडल्या. मारोतीला ठेकेदारानं त्याआधीच कामावरून काढलं होतं. आणि गंधालीच्या टेबलावर मेमो आला होता: परवानगी न घेता पोती ठेवून शाळेच्या मालमत्तेचं नुकसान केलं, लेखी माफी मागावी.

तिनं तो मेमो तीनदा वाचला. तिसऱ्यांदा वाचताना राग पार डोक्यात गेला.

शरच्चंद्रजींनी तिला बोलावून समजुतीनं घेतलं. दोन ओळी लिहा, गैरसमज झाला एवढंच, की विषय संपला.

"मारोतीला कामावर परत घ्या," ती म्हणाली.

"तो ठेकेदाराचा माणूस. आमचा काय संबंध?"

"मग माझ्या माफीशी माझा काय संबंध?"

तिनं उत्तर लिहिलं. वीस पोत्यांनी ज्या गॅलरीचं नुकसान होतं, तिच्यावर सव्वाशे मुली उभ्या करण्याचा हुकूम कोणी दिला, त्याचं नाव मला लेखी कळवावं. खाली पट्टीवरचे तिन्ही आकडे, तारीख आणि वेळ. एक प्रत शिक्षण कार्यालयाला. साक्षीदार म्हणून मारोतीनं सही केली, सावकाश, एकेक अक्षर दाबून.

पुढच्या महिन्यात तिच्याकडून बारावी काढून सहावी दिली. मारोतीला शहराबाहेर, सिलतऱ्याच्या कारखान्यांच्या भागात एका शेडचं काम मिळालं. नाव विचारणाऱ्या पत्राला शाळेकडून उत्तर आलेलं नाही. दर महिन्याच्या एक तारखेला गंधाली तेच पत्र पुन्हा पाठवते.