फरशीखालचं गरम पाणी

किर्गिझस्तानातल्या नारीनच्या थंडीत ओली लोकर वाळावी म्हणून, गालिचे करणाऱ्या बुर्माकानने आपल्या छोट्या कारखान्यात फरशीखाली पाण्याच्या नळ्या घातल्या होत्या. आता ते पाणी तापवायचं कशावर, एवढंच ठरायचं होतं.

धाकटा दीर तोक्तोसून विजेचा बॉयलर घेऊनच आला. “वहिनी, बटण दाबायचं आणि विसरायचं!”

“गेल्या जानेवारीत तीन दिवस वीज नव्हती. तुझ्या घरातल्या नळ्या गोठून फुटल्या, ते मी नाही विसरले.”

“मग काय, मेंढ्यांच्या लेंड्या जाळणार? गाव हसेल.”

“हसू दे. मेंढवाड्यात तुडवून घट्ट झालेल्या लेंड्यांच्या विटा मी कापल्या, उन्हात मी वाळवल्या. विजेसारख्या त्या कोणी शहरात बसून बंद करू शकत नाही.”

“आणि पाणी फिरवणारा पंप? तोही लेंड्यांवरच चालणार?”

बुर्माकानने कोपऱ्याकडे बोट दाखवलं. छोट्याशा पंपाला तिच्या जुन्या गाडीची बॅटरी जोडलेली होती. मग तिने त्या विटा घालून पाणी तापवायची भट्टी पेटवली.

दुपारपर्यंत फरशी छान कोमट झाली, तसे त्याने हळूच बूट काढले.

“घाल ते बूट,” ती म्हणाली. “आधी तुझा बॉयलर बाहेर ठेवून ये, मग खुशाल पाय शेक.”