एकगठ्ठा गाव

जननीच्या देवळात नारळ उचलून, एक सोडून गावातल्या एकेका बाप्यानं शपथ घेतली, की आपण मत फोडलेलं नाही. खोटं बोलणाऱ्याच्या घशात तिथल्या तिथं गोळा यावा अशी त्या देवीची ख्याती. कुणाच्या घशात काही आलं नाही. घरी जाऊन सगळे पोटभर जेवले. ठमाबाईचा मुलगा मालोजी तर भाकरीवर सुकट मागून घेऊन जेवला. त्यानं मत कुठं टाकलं होतं ते तिला पक्कं ठाऊक होतं. तिच्या घशाखाली मात्र त्या रात्री घास उतरला नाही.

झालं होतं ते असं. आणीबाणी उठून दोन वर्षं झाली होती आणि पंचायत समितीची निवडणूक लागली होती. गावकीचा पुढारी रावजी पोलादपुराला जाऊन एका उमेदवाराला शब्द देऊन आला, की गावाची मतं एकगठ्ठा तुमची आणि आमच्या ओढ्यावर साकवाचा पूल बांधायचा तुम्ही. पावसात ओढा फुगला की आजारी माणूस अलीकडे नि डॉक्टर पलीकडे, त्यामुळे साकव सगळ्यांनाच हवा होता. गावकीत माना डोलल्या. मग दुसऱ्या उमेदवाराची माणसं आली. ती गावकीत आली नाहीत. त्यांनी एकेकाला एकेकटं गाठलं. मालोजीला मुंबईच्या गोदीत चिकटवतो म्हणाली, चांगूला विहिरीवर इंजिन बसवून देतो म्हणाली. जो तो मनाशी म्हणाला, बाकीचे सगळे साकवाला मत देणारच आहेत, माझ्या एकट्याच्या मतानं काय तो वाहून जातोय? साकव पण होईल आणि आपलं पण होईल.

पेट्या फुटल्या तेव्हा अर्धा गाव एकटा निघाला.

साकव गेला. निवडून आलेल्यानं कुणाला गोदीही दाखवली नाही नि इंजिनही. आता रावजीला पोलादपुरात तोंड दाखवायला एक चोर हवा होता. म्हणून तो नारळ.

नारळाला हात न लावणारा गावात एकच निघाला, भिकाजी. ठमाबाईचा धाकटा दीर. सासू गेली तेव्हा हा रांगत होता. ठमाबाईनंच दूधभात भरवून त्याला वाढवलेला. तो म्हणाला, मत द्यायला सरकारनं पडदा लावून दिला होता, ते देवळात उघडं करायचं तर पडदा लावला कशाला? मी सांगणार नाय.

झालं, चोर सापडला. भिकाजीचं घर वाळीत. त्याच्याशी बोलेल तोही वाळीत. आणि सगळ्यांत मोठ्यानं ओरडलं कोण? ज्यांनी मत विकलं होतं ते. जो जेवढा आतून नासलेला, तेवढा त्याचा आवाज चढलेला. ठमाबाईला वाटलं, नासक्या माशाचा वास तरी बरा, तो आपण मासाच आहोत असं तरी सांगतो.

पाऊस लागला. भाताच्या रोपांचं आवण उपटायला आलं. लावणी काही एका घराच्या हातानं होत नाही. आज तुझ्या खाचरात सगळे, उद्या माझ्या, अशी सावड चालते. भिकाजीच्या खाचरात कुणी उतरेना. त्याची बायको तुळसा ओली बाळंतीण. तो एकटा चिखलात वाकलेला दिसायचा आणि वाफ्यातलं आवण पिवळं पडत चाललेलं. आणखी चार-सहा दिवसांत त्याला गाठ धरली असती, मग ते लावा नाहीतर बैलाला घाला. वर्षाचा भात गेला असता.

ठमाबाईनं मालोजीला धरलं. तो म्हणाला, "आये, मी एकटा बोललो तर मला पण टाकतील. सगळे एकदम उठलो तर कोण कुणाला टाकणार?"

"मग उठा एकदम."

"तेच तर. पयला कोण?"

तिनं त्याला घरोघर पिटाळला. सगळे कबूल. सगळ्यांच्या मनात भिकाजीबद्दल काही नाही, भीती आहे ती दुसऱ्याची. ठरलं असं, की पुढच्या बैठकीत चांगू खोकेल, की सगळ्यांनी एकदम उभं राहायचं आणि वाळी उठवा म्हणायचं.

बैठक बसली. बाप्ये देवळात, बायका बाहेर पायऱ्यांशी. चांगू खोकला. बाप्यांनी जागच्या जागी बूड उचललं, शेजाऱ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा टेकलं. चांगू पुन्हा खोकला. कुणीतरी विचारलं, काय रे, सर्दी झाली काय? चांगू म्हणाला, हो, पावसाची. मालोजी आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघत बसला.

ठमाबाई उठली. आपल्या पोटचं हे? ती पदर खोचून पायऱ्या चढली. बाईमाणूस बैठकीत आलेलं त्या देवळानं पाहिलं नव्हतं. तिनं देवीपुढचा नारळ उचलला.

"बाप्यांनी शपथा घेतल्या. बायकांना कुणी इचारलं? आमच्या हातात पण शिक्का दिलावता. मी मत फोडलं. टाका मला वाळीत."

ठमाबाई बाहेर बायकांकडे वळली आणि नुसती बघत राहिली. खुद्द रावजीची बायको ठकूबाई हळूच पुढं आली.

"मी पण," ती म्हणाली. "ह्यांना सांगून कोण करतंय?"

मग आणखी दोघी-तिघी उठल्या. रावजीचा चेहरा आंबट झाला. आपलंच घर वाळीत टाकणार कसं? आणि तेवढ्यात चांगू हसला. त्याच्यामागून सगळे हसले. बायकांना काय कळतंय, चित्र बघून शिक्का मारतात, हो ना? बिचारा भिकाजी उगाच. वाळी उठली. ठमाबाईनं त्या हसणाऱ्या तोंडांकडे पाहिलं. मालोजीचं तोंड त्यात सगळ्यांत मोकळं होतं. लाज नव्हती, सुटल्याचा आनंद होता. तिला वाटलं, भ्यालेलं होतं तेव्हा बरं दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी भिकाजीच्या खाचरात माणूस मावेना. मत विकलेले सगळे पहिल्या ओळीत. भिकाजी कुणाशी बोलला नाही, आवणाच्या मुठी फेकत राहिला. दुपारी बांधावर वहिनीजवळ येऊन हळूच म्हणाला, "वहिनी, तू खरंच त्या दुसऱ्याला मत दिलंस?"

"नाय रे. मला साकव हवावता. तू?"

"मी पण साकवालाच."



"म्हंजे ज्यांनी इमान राखलं त्यातला एक वाळीत आणि एक चोर," ती म्हणाली. "आणि देवीपुढं खोटं न बोललेला आपल्या दोन घरांत तू एकटा उरलास. मी पण नाय उरले."

ती चिखलात थुंकली आणि मूठभर आवण उचलून मालोजीपासून लांब, दुसऱ्या टोकाला जाऊन वाकली.