पेटीचं स्वतःचं वजन

घरात कशाचंही वजन किती हा प्रश्न निघाला की सगळ्यांच्या नजरा तिच्याकडे वळायच्या. ती वजनं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होती. दुकानांतली, कारखान्यांतली, औषधं बनवणाऱ्यांची वजनं तिच्या टेबलावर यायची आणि ती खरी की खोटी हे ती सांगायची. नवरा तिला थट्टेने 'वजनबाई' म्हणायचा. "वजनबाई, जरा रागवा बघू, राग किती ग्रॅम भरतो ते पाहू." हा विनोद तिला लग्नानंतरचं पहिलं वर्षभर आवडला होता.

हा गुण तिला बापाकडून आला होता. वडील सदतीस वर्षं मालट्रकांच्या वजनकाट्यावर बसले. ट्रक भरलेला किती, रिकामा किती आणि मधला फरक किती, एवढंच जन्मभर लिहिलं. आई गेल्यावर ते मुलीकडे राहायला आले, त्याला आता वर्ष झालं होतं. येताना एक बॅग, एक रेडिओ आणि तंबूचे आठ लोखंडी खुंटे घेऊन आले. खुंटे बघून जावयाने भुवया उंचावल्या. "असू देत," बाबा म्हणाले, "खात नाहीत काही."

तंबू ठोकायला तिला त्यांनीच शिकवलं होतं. वारा कुठून येतो ते बघायचं, मग दार कुठे ठेवायचं ते ठरवायचं. आता ती, नवरा आणि दोन मुलं दरवर्षी चार दिवस तळ्याकाठी जाऊन राहत. गाडी पाच माणसांची, पण पाचवं माणूस म्हणजे सामान. मागच्या सीटवर थोरली एका खिडकीला, धाकटा दुसऱ्या खिडकीला, आणि मध्ये छतापर्यंत खुर्च्या, टेबल, पिशव्या. भावंडं एकमेकांचं तोंड न बघता प्रवास करत, त्यामुळे भांडणं मात्र कमी होत.

यंदा सुट्ट्या जवळ आल्या तेव्हा बाबा कप पुसता पुसता म्हणाले, "मीही येऊ का गं तुमच्याबरोबर? एकदाच."

बाबांनी आजवर काही मागितल्याचं तिला आठवत नव्हतं.

"येऊ का काय विचारता! यायचंच," ती म्हणाली.

म्हणजे मधली सीट मोकळी करायला हवी होती, आणि सामान गाडीच्या टपावर चढवायला हवं होतं. तिने गाडीचं पुस्तक काढलं. टपावर पंचाहत्तर किलोपर्यंत चालेल, असं त्यात लिहिलं होतं. मग तिने न्हाणीघरातला काटा हॉलमध्ये आणला आणि एकेक वस्तू हातात घेऊन त्यावर उभी राहिली. तंबू सोळा. झोपायच्या पिशव्या नऊ. खुर्च्या आणि टेबल अठरा. नवऱ्याची हवा भरायची होडी, पंपासकट, एकोणीस. एकूण बासष्ट. स्वयंपाकाचं आणि कपड्यांचं सामान डिकीत. टपावर टाकायची कापडी पिशवी पाच किलोची मिळते, हे तिने पाहून ठेवलं होतं. मनातल्या मनात सगळं बसलं होतं.

दुकानात मात्र नवऱ्याने पिशवीकडे बघून नाक मुरडलं.

"हे काय, टपावर गाठोडं? आपण घर सोडून पळून चाललोय का?"

दुकानदार हसला. त्याला गिऱ्हाईक कोणतं ते कळलं. "साहेब, ही पेटी बघा. चारशे लिटर. दोन्ही बाजूंनी उघडते, कुलूप आहे, गाडीच्या रंगाची मागवून देतो. ताई, पिशवीत पाणी शिरतं हो. ओल्या गादीवर झोपणार का?"

"पिशवी हलकी आहे," ती म्हणाली.

"हलकीच आहे," दुकानदार म्हणाला, "म्हणून तर टिकत नाही."

नवऱ्याने पेटीचं झाकण दोनदा उघडून मिटवलं. तो मऊ, घट्ट आवाज त्याला फार आवडला. चारशे लिटरमध्ये घर मावेल, तो म्हणाला. तिनेही मान डोलावली. दुकानात वाद घालणं तिच्या जिवावर यायचं. शिवाय पेटी खरंच मोठी होती, आणि मोठ्या पेटीत जास्त मावतं हे लहान पोरालाही पटतं.

प्रयोगशाळेत दुसऱ्याने तपासल्याशिवाय आकडा ग्राह्य धरत नसत. घरीही तिने तो शिरस्ता ठेवला होता, आणि बाबा आल्यापासून तपासणीचा मान त्यांच्याकडे गेला होता. किराणा असो की औषधांच्या वेळा, कागद त्यांच्यापुढे जायचा. रविवारी सकाळी तिने सहलीचा कागद त्यांच्यापुढे ठेवला. वर टपावरच्या वस्तू, त्याखाली डिकीतल्या, सगळ्यांत खाली 'मागची सीट: थोरली, बाबा, धाकटा'. बाबांनी चष्मा लावला. आपलं नाव वाचून ते जरासे सावरून बसले.

"पेटी किती भरते?"

"चारशे लिटर."

"लिटर नाही गं. रिकामी किती भरते?"

तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. भांड्याचं वजन वजा न करता आकडा लिहिणाऱ्या शिकाऊ पोरांना ती कामावर वाटेल ते बोलायची. तिने दुकानातून आणलेलं पेटीचं माहितीपत्रक काढलं. पेटी चोवीस किलो. ती ज्यावर बसते ते दोन आडवे दांडे, सहा किलो.

"ट्रकवाले असंच करायचे," बाबा हसून म्हणाले. "माल तेवढा सांगायचे, गाडी विसरायचे. ट्रक काय हवेत तरंगतो?"

"चुकलंच माझं."

"चुकलं तर चुकलं. म्हणून तर दुसरा माणूस बसवायचा." त्यांनी पेन्सिल घेतली. पंचाहत्तरातून तीस गेले, उरले पंचेचाळीस. सामान बासष्ट. सतरा किलो जास्त.

त्यांचं बोट यादीवरून हळूहळू खाली उतरलं. तंबूवरून, पिशव्यांवरून, खुर्च्यांवरून. होडीपाशी ते थांबलं. तिने ते पाहिलं. मग बोट पुढे सरकलं आणि मागच्या सीटवर आलं. त्यांनी आपल्या नावावरून एकच सरळ रेष मारली, खालची अक्षरं वाचता येतील अशी, आणि शेजारी लिहिलं: 'खुर्च्या, टेबल'.

"चव्वेचाळीस झाले टपावर," ते म्हणाले. "एक किलो शिल्लक राहतो."

"बाबा, असं नका करू. होडी..."

"पोरं वर्षभर वाट बघतात होडीची. आणि माझा गुडघा कुठे धड आहे? जमिनीवर झोपलो तर उठवायला क्रेन लागेल." त्यांनी कागदाखाली सही केली आणि पेन्सिल तिच्यापुढे धरली.

रोज संध्याकाळी ते तीन जिने उतरून, कोपऱ्यापर्यंत फिरून, तीन जिने चढून येत. गुडघ्याचं नाव त्यांच्या तोंडून तिने पहिल्यांदा ऐकलं. तिने सही केली.

नवरा खाली गाडी धूत होता. ती त्याच्याजवळ गेली.

"पेटी बदलू या. पिशवी घेऊ."

"आता? रंग जुळवून मागवलीय. परवा बसवायचीय."

"मग होडी घरी ठेव या खेपेला."

"पोरांना तू सांगणार का? मला नको वाईटपणा." त्याने फडका पिळला. "कुठे पेंड खातंय घोडं?"

तिने आकडे सांगितले.

"बरं मग? बाबा स्वतःच नाही म्हणाले ना?"

"ते नाही म्हणाले नाहीत. त्यांनी बेरीज केली."

"बेरीज बरोबर आहे का?"

तिने पाण्याची बादली उचलून बाजूला ठेवली.

"वजनबाई, तुम्हाला विचारतोय. बरोबर आहे का?"

"बरोबर आहे."

"झालं तर," तो म्हणाला आणि काचेकडे वळला.

दुसऱ्या दिवशी तिने कामावरून दुकानात फोन केला. "आजच्या आज सांगा, ताई," दुकानदार म्हणाला. "उद्या एकदा बसवली की परत घेता येणार नाही." कळवते, म्हणून तिने फोन ठेवला. दिवसभर टेबलावर वजनं येत राहिली. प्रत्येक वजन ती चिमट्याने उचलत होती, ठेवत होती, लिहीत होती. फोन हाताशीच होता. चार वाजले, पाच वाजले. नवऱ्याशी पुन्हा तोच वाद, मुलांचे फुगलेले गाल, सगळी सहल त्या ओझ्याखाली, असं काहीबाही तिच्या मनात येत होतं. सहाला ती घरी निघाली. फोन केला नाही.

निघायच्या सकाळी टपावरचं सामान बाबांनीच रचून दिलं. जड मध्ये, हलकं कडेला. पट्टे ओढून पाहिले. जावयाला म्हणाले, "जावईबापू, वळणावर जपून. ओझं डोक्यावर असलं की गाडी झुकते." नवऱ्याने मनापासून आभार मानले. त्याच्या मनात खरंच काही नव्हतं, आणि हेच तिला जास्त झोंबलं.

तळ्याकाठी पहिल्या दिवशी मुलं अंधार पडेपर्यंत होडीतून उतरली नाहीत. तंबूत चौघांना ऐसपैस जागा होती. आज आपल्याला झोप येणार नाही, असं तिने धरूनच ठेवलं होतं. यायलाही नको होती. पण पाठ टेकली आणि डोळे मिटले ते एकदम उन्हं आल्यावर उघडले. वर्षभरात ती इतकी गाढ झोपली नव्हती. पलीकडच्या खोलीतला खोकला नाही, बाबा अजून जागे आहेत का म्हणून कान लावणं नाही. ती उठून बसली आणि तिला स्वतःची शिसारी आली. मग नवऱ्याने चहा आणून दिला आणि तिने तो घेतला. चहा चांगला झाला होता.

पुढच्या वर्षी तिने कागद केलाच नाही. काय कुठे बसतं ते सगळ्यांना पाठ होतं. मुलं पेटीत होडी ठेवत होती, तेव्हा बाबा खाली आले. येऊ का, असं त्यांनी विचारलं नाही.

"किती दिवस?" त्यांनी विचारलं.

"पाच," ती म्हणाली. मागच्या खेपेला चार होते.