लाबानाची लेक आणि पावाची गाडी

या, जरा सरकून शेगडीपाशी बसा. ओल्या छत्र्या दाराशीच राहू द्या. आमच्या खोऱ्यातल्या एका साध्या बाईची गोष्ट सांगतो. रडायची गोष्ट नाही, पण डोळे पाणावलेच तर धुराला दोष द्या.

शुक्रवारची दुपार. पॅरी पुगने दाराची पितळी कडी अशी आपटली, की समोरच्या घरांचे चार पडदे एकदम हलले.

"तेग्वेनबाई! शुक्रवार आला हो!"

रविवारी चर्चच्या गायनात तो खर्ज लावायचा. वसुलीलाही तोच आवाज.

तेग्वेनने एप्रनच्या खिशातले पौंड त्याच्या तळहातावर ठेवले. जरा उंचावरून, वाजतील असे. पडद्यांना कळू दे, एम्लिनची बायको कुणाचं बुडवत नाही.

आमच्याकडे माणसाला धंद्याचं नाव चिकटतं. कोळशाचा आयवर, दुधाचा टुडुर, तसा तिचा नवरा पावाचा एम्लिन. पहाटे भट्टी, मग निळ्या गाडीतून पाव घेऊन खोरंभर फेरी. गाडीच्या कुशीवर त्याने स्वतः रंगवलेलं नाव: एम्लिन. तो गेला तेव्हा दफनानंतर रीतीप्रमाणे सगळ्या गावाला चहा आणि हॅम घालायला तिने पुगच्या कंपनीकडून कर्ज काढलं. मग डोळे पुसून गाडी चालवायला शिकली. पहिल्याच आठवड्यात पोस्टाची पेटी पाडली, आणि गावाने हसून पुन्हा उभी केली. तरी तिला स्वतःचं नाव मिळालं नव्हतं. ती अजून 'पावाच्या एम्लिनची'च होती.

गाडी एम्लिनने भाडेखरेदीवर घेतली होती, कार्डिफच्या एका कंपनीकडून. तिचे दोन हप्ते थकले होते. पुगला दिल्यावर उरायचंच काय? शिवाय कंपनीचा माणूस कधी दारात आला नाही. नुसती पत्रं यायची, तीही अदबीची. तेग्वेनला वाटे, इतकं गोड लिहिणारी माणसं थांबतील. पुग मात्र घरातलं आजोबांचं घड्याळ उचलून नेईल.

रविवारी प्रवचनाला एलायस बोवेन उभे राहिले. विषय बायबलातल्या याकोबाचा, लाबानाची लेक राहेल मिळावी म्हणून सासऱ्याकडे वर्षानुवर्षं राबलेल्या. म्हातारबुवा आधी साधंच बोलायचे, घरातल्यासारखं. मग आवाज चढायचा, वाक्य झुलायला लागायचं, आणि कुठल्या क्षणी बोलणं सरून गाणं सुरू झालं हे कुणाला कळायचं नाही.

"राहेल घरी आली… तरी याकोब राबला! चूल पेटली… तरी याकोब राबला! कारण लाबानाचं देणं… लाबानाचं देणं राहिलं होतं!"

"आमेन!" छत दणाणलं. तेग्वेनच्या अंगावर काटा आला. त्या सुरात देव आपला हात धरून टेकडीवर नेतोय असं तिला नेहमी वाटायचं.

नंतर मागच्या खोलीत चहा. किटलीपाशी मेरेरिद होती. शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झालेली, आणि आता बाजारगावच्या सल्ला केंद्रात देणेकऱ्यांची गाऱ्हाणी ऐकणारी.

"उद्या कार्डिफहून माणूस येतोय बाई," तेग्वेन सहज म्हणाली. "पत्रात लिहिलंय, किल्ल्या द्या, एक सही करा, बोभाटा नको. इतक्या लांबून येणार बिचारा, म्हणून मनुकांचा पाव भाजून ठेवलाय."

मेरेरिदची किटली हवेतच थांबली.

"गाडी न्यायला येणाऱ्याला तू पाव भाजलास?"

"मग काय, उपाशी पाठवू?"

"अगं वेडाबाई! आत्ता काय ऐकलंस? एलायस घसा फोडून कशाबद्दल गात होते?"

"याकोबाबद्दल."

"तुझ्या गाडीबद्दल! राहेल आधी घरी आणली, किंमत मागाहून फेडली. हीच भाडेखरेदी. शेवटचा हप्ता जाईपर्यंत गाडी लाबानाची."

"तिच्यावर एम्लिनचं नाव आहे की!"

"असू दे. मालक लाबानच. हप्ते चुकले तर तो गाडी मागू शकतो. एम्लिनने आणि तू मिळून किती फेडलंय?"

"निम्म्याहून जास्त."

"मग देव पावला! एक तृतीयांश फिटलं, की कोर्टाच्या हुकमाशिवाय त्याला गाडी नेता येत नाही. हं, तूच होऊन किल्ल्या हातात दिल्यास तर कोर्टही काही करणार नाही."

तेग्वेनने हातातला कप खाली ठेवला. "आणि पुग? तो घड्याळ…"

"त्याच्या कर्जामागे तुझा शब्द आहे, वस्तू नाही. कोर्टात गेल्याशिवाय तो चमचासुद्धा उचलू शकत नाही. बुडवू नकोस त्याचं. पण आधी ज्याच्यावर पोट आहे त्याचा हप्ता, मग उरलेल्यातून त्याला थोडं थोडं. तू उलटं करत्येस, पोरी. जो मोठ्याने ओरडतो त्याला आधी घालत्येस."

सोमवारी कार्डिफचा माणूस आला. कोवळा, टाय घट्ट आवळलेला. तेग्वेनने त्याला बसवलं, लोणी लावून पाव दिला, चहा दोनदा ओतला. किल्ल्या एप्रनच्या खिशात मुठीत धरल्या होत्या.

"काकू, तेवढी सही…" त्याने कागद सरकवला.

"पाव अजून घे बाळा. किल्ल्या नाही मिळायच्या."

"पण कंपनी म्हणते…"

"कंपनीला सांग, निम्म्याहून जास्त फिटलंय. हवी तर न्यायाधीशाचा हुकूम आण. नाहीतर पुढच्या महिन्यापासून हप्ता येईल, आणि वर मागचं थोडंथोडं."

तो गोंधळला. कागदाकडे पाहिलं, पावाकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "विचारून बघतो. हा पाव… आईसाठी एक तुकडा नेऊ का?"

तिने अख्खा बांधून दिला. कंपनीने पुढे थकबाकी हप्त्यांत वाटून दिली.

पण खरा कठीण दिवस शुक्रवारचा. कडी वाजली, पडदे हलले. इतकी वर्षं तिने अब्रू त्या चार पडद्यांवर टांगली होती. तेग्वेन उंबऱ्यात आली आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"पॅरी, यापुढे एवढंच मिळेल. आधी गाडी, मग तू. तुझं बुडवणार नाही, पण ओरडलास म्हणून आधी देणार नाही."

मग समोरचं दार उघडलं. कोळशाच्या आयवरची बायको, केसांत अजून कुरळे करायची रिळं.

"तेग्वेन, तुलाही त्याचं देणं जड जातंय का गं? मला वाटलं, मी एकटीच!"

दुसरं दार उघडलं. तिसरं. लपवलेली सगळी देणी उंबऱ्यावर आली आणि हसत सुटली. पुग टोपी चुरगाळत लाल झाला. "अहो, जरा हळू… रविवारी चर्चमध्ये सगळ्यांसमोर माझा एकट्याचा खर्ज आहे हो!"

"गा ना मग! वसुली नाही, गाणं!" आयवरची बायको ओरडली, आणि पुगसुद्धा हसला.

गाडीचं शेवटचं देणं फिटलं त्या वसंतात तेग्वेनने जुनं नाव झाकायला निळ्या रंगाचा डबा आणला नाही, अक्षरांसाठी पांढरा आणला. एम्लिनचं नाव तसंच ठेवून त्याच्याखाली आपलं लिहिलं, जरा वाकडंच. पुढच्या रविवारी, गाण्याच्या मेळ्यात, एलायस बोवेन मंचावरून म्हणाले, "पावाची तेग्वेन, तुमची ओळ जरा मोकळ्या गळ्याने!" ती इतकी मोकळी गायली, की पुगचा खर्ज बुडाला.

मेरेरिदला हे ऐकायला मिळालं नाही. ती त्याआधीच्याच थंडीत, गावाला फारसं कळूही न देता, गेली होती.

आजही निळी गाडी तिच्या बंद फाटकाशी थांबते. हॉर्न दोनदा वाजतो. कुणी येत नाही. तेग्वेन खिडकीच्या कट्ट्यावर छोटा मनुकांचा पाव ठेवते. पोरं म्हणा, पाखरं म्हणा, कुणीतरी नेतं.

मंडळी, घरी जाऊन पावाचा पहिला तुकडा मोडाल, तेव्हा एवढं करा. क्षणभर थांबा, आणि हातात किटली धरून उभ्या असलेल्या मेरेरिदची आठवण काढा.